‘चार्ज’ : एक शब्द, अनेक कायदे

‘चार्ज’ हा इंग्रजी शब्द मराठी बोलण्यात इतका रुळला आहे की तो परका वाटत नाही. मोबाइल चार्जिंगला लावतात, नवे साहेब सोमवारी चार्ज घेतात, बँक खात्यातून चार्जेस कापते, मोर्चावर लाठीचार्ज होतो आणि पोलीस कोर्टात चार्जशीट दाखल करतात. शब्द एकच, पण प्रत्येक ठिकाणी अर्थ निराळा. कायद्यात तर त्याची रूपे आणखी वाढतात. फौजदारी न्यायालयात तो आरोप असतो, सातबारावर बोजा, कंपनीच्या कागदपत्रांत प्रभार, अर्थसंकल्पात भारित खर्च, तर वीजबिलात आकार. इंग्रजी एका शब्दात जे मावते त्यासाठी मराठीने निदान अर्धा डझन शब्द वापरात ठेवले आहेत. हे सगळे अर्थ एकाच मुळातून निघाले आहेत, आणि ते मूळ लक्षात ठेवले की एरवी विस्कळीत वाटणारे कायदेशीर उपयोग एका रांगेत बसतात.

गाडीवरचे ओझे

लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे गाडा. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘गाड्यावर माल लादणे’ या अर्थाचे क्रियापद तयार झाले, ते जुन्या फ्रेंचमध्ये आले आणि तेथून तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत पोचले. ‘कार’, ‘कॅरी’ आणि जहाजावरचा ‘कार्गो’ ही याच घराण्यातली भावंडे. म्हणजे ‘चार्ज’चा पहिला अर्थ लादलेले ओझे.

पुढचे अर्थ या ओझ्याच्या प्रकारांप्रमाणे फुटत गेले. बंदुकीत भरलेली दारू हे तिच्यावरचे ओझे, म्हणून बंदूक ‘चार्ज’ होते. विजेचा शोध घेणाऱ्यांनी तोच शब्द वस्तूत साठवलेल्या विद्युतभारासाठी घेतला, आणि मराठी विज्ञानाच्या पुस्तकांनीही ‘भार’च म्हटले. माणसावर टाकलेले काम म्हणजे जबाबदारी, माणसावर टाकलेला पैशाचा भार म्हणजे शुल्क, आणि माणसावर ठेवलेला दोषाचा भार म्हणजे आरोप. कायद्यातला कोणताही ‘चार्ज’ समोर आला की तीन प्रश्न विचारावेत : ओझे कोणावर आहे, ते कोणी आणि कोणत्या अधिकाराने ठेवले, आणि ते उतरते कसे?

फौजदारी न्यायालयातील दोषारोप

फौजदारी कायद्यात हे ओझे माणसावर असते आणि ते ठेवण्याचा अधिकार न्यायालयाचा असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या २३४ ते २४७ या कलमांत दोषारोपाचे नियम आहेत. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच नियम २११ ते २२४ या कलमांत होते. दोन्ही संहितांनी ‘चार्ज’ची पूर्ण व्याख्या दिलेली नाही. दोषारोपात एकाहून अधिक शीर्षे, म्हणजे आरोपाच्या बाबी, असतील तर प्रत्येक शीर्ष हाही ‘चार्ज’ समजावा, एवढेच त्या सांगतात.

दोषारोपात काय असावे हे मात्र कायद्याने बारकाईने सांगितले आहे. गुन्ह्याचे नाव, कायदा आणि कलम, घटनेची वेळ आणि जागा, गुन्हा ज्या व्यक्तीविरुद्ध किंवा वस्तूबाबत घडला तिचा उल्लेख, आणि एवढ्याने आरोपीला पुरेशी कल्पना येत नसेल तर कृत्य कसे घडले त्याचा तपशील. दोषारोप न्यायालयाच्या भाषेत लिहायचा, आरोपीला वाचून दाखवायचा, समजावून सांगायचा आणि मग त्याला विचारायचे की गुन्हा कबूल आहे की नाही. या सगळ्यामागचा हेतू एकच आहे : आपल्याला नेमके कशाचे उत्तर द्यायचे आहे हे माणसाला खटला सुरू होण्याआधी कळले पाहिजे.

याच हेतूमुळे काही नियम कडक आहेत आणि काही सैल. प्रत्येक वेगळ्या गुन्ह्यासाठी वेगळा दोषारोप हवा, हा मूळ नियम. त्याला अपवाद आहेत : बारा महिन्यांच्या आत केलेले एकाच प्रकारचे गुन्हे एकत्र चालवता येतात. जुन्या संहितेत अशा गुन्ह्यांची मर्यादा तीन होती, नव्या संहितेत ती पाच झाली. निकाल देण्यापूर्वी केव्हाही न्यायालय दोषारोपात बदल करू शकते किंवा भर घालू शकते; पण बदल आरोपीला समजावून सांगावा लागतो आणि गरजेप्रमाणे साक्षीदार पुन्हा बोलावण्याची संधी द्यावी लागते. दोषारोपात चूक राहिली म्हणून खटला आपोआप कोसळत नाही. त्या चुकीने आरोपीची खरोखर दिशाभूल झाली आणि न्याय हुकला, तरच ती महत्त्वाची ठरते.

हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९५५ मध्ये विली स्लेनी विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात विस्ताराने मांडले. दोन भावांवर समान उद्देशाने खून केल्याचा आरोप होता. एक भाऊ सुटला, आणि दुसऱ्यावर स्वतंत्रपणे खुनाचा दोषारोप ठेवलेलाच नव्हता. तरीही न्यायालयाने पाहिले ते हे की आरोपीला आपल्याविरुद्धचा मामला ठाऊक होता का, आणि त्याला बचावाची पुरेपूर संधी मिळाली का. या निकालात प्रमुख मत लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते.

चार्जशीट म्हणजे चार्ज नव्हे

वर्तमानपत्रांत ज्या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते, त्या म्हणजे चार्जशीट आणि चार्ज. तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात जो अहवाल देतात त्याला व्यवहारात चार्जशीट किंवा आरोपपत्र म्हणतात. कायद्याच्या मजकुरात त्याचे नाव ‘पोलीस अहवाल’ असे साधे आहे. जुन्या संहितेच्या कलम १७३ मध्ये आणि नव्या संहितेच्या कलम १९३ मध्ये तो येतो. हा पोलिसांचा निष्कर्ष असतो. त्यानंतर न्यायालय कागदपत्रे पाहते, दोन्ही बाजू ऐकते, आणि खटला चालवण्याजोगे कारण दिसले तरच स्वतः दोषारोप ठेवते. याला मराठीत ‘आरोपनिश्चिती’ म्हणतात. आरोपपत्र दाखल होणे आणि आरोप निश्चित होणे यांत कधी कधी वर्षे जातात. ती कमी व्हावीत म्हणून नव्या संहितेने सत्र खटल्यात आरोपांवरील पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत आरोपनिश्चिती व्हावी असे म्हटले आहे.

आरोपपत्राची तारीख दुसऱ्या कारणानेही महत्त्वाची असते. आरोपी कोठडीत असताना गुन्ह्याच्या गांभीर्याप्रमाणे साठ किंवा नव्वद दिवसांत ते दाखल झाले नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. किरकोळ स्वरूपाच्या समन्स खटल्यांत तर औपचारिक दोषारोप लिहिण्याचीच गरज नसते; गुन्ह्याचा तपशील आरोपीला सांगितला की पुरते.

सरकारी नोकरीत ‘चार्जशीट’ला तिसराच अर्थ आहे. विभागीय चौकशीत कर्मचाऱ्याला जे दोषारोपपत्र दिले जाते, ते पोलीस किंवा न्यायालय देत नाही, शिस्तभंगविषयक प्राधिकारी देतो. या पत्राचा आधार थेट संविधानात आहे. अनुच्छेद ३११ प्रमाणे सरकारी कर्मचाऱ्याला बडतर्फ करण्यापूर्वी किंवा काढून टाकण्यापूर्वी त्याच्यावरचे दोषारोप त्याला कळवावे लागतात आणि म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते. याला अपवाद त्याच अनुच्छेदात मोजून दिले आहेत. राष्ट्रपतींवरील महाभियोगातही हाच शब्द आहे. अनुच्छेद ६१ प्रमाणे संसदेचे एक सभागृह एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश बहुमताने दोषारोप ठेवते आणि दुसरे सभागृह त्याची चौकशी करते. शिपायापासून राष्ट्रपतींपर्यंत नियम एकच : दोष आधी शब्दांत मांडा, मग उत्तर मागा.

ज्यूरीला केलेला चार्ज

भारतात आता इतिहासजमा झालेला एक उपयोग मुंबईशी जोडलेला आहे. ज्यूरीपुढे खटले चालत तेव्हा न्यायाधीश शेवटी ज्यूरीला पुराव्याचा सारांश आणि लागू होणारा कायदा समजावून सांगत. या मार्गदर्शनालाही ‘चार्ज’ म्हणत. येथे ओझे आरोपीवर नसून निर्णय देणाऱ्यांवर असते. न्यायाधीशाचे मार्गदर्शन चुकले तर ज्यूरीचा निर्णय रद्द होऊ शके.

१९५९ चा नानावटी खटला याच मुद्द्यावर फिरला. मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी नौदलाचे कमांडर नानावटी यांना खुनाच्या आरोपातून निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो कौल मान्य झाला नाही, म्हणून त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाला ज्यूरीला केलेल्या मार्गदर्शनातच चुका आढळल्या. गोळी अपघाताने सुटली असे म्हणणाऱ्या आरोपीवर कायदा काय सिद्ध करण्याचा भार टाकतो, हे ज्यूरीला नीट सांगितले गेले नव्हते. उच्च न्यायालयाने आरोपीला दोषी ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९६१ मध्ये तो निकाल कायम केला. १९७३ च्या संहितेत ज्यूरीला जागा उरली नाही, आणि ‘चार्ज’चा हा अर्थही फौजदारी न्यायालयांतून गेला.

मालमत्तेवरचा बोजा

दिवाणी कायद्यात ओझे माणसावरून वस्तूवर येते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०० प्रमाणे, एखाद्याची स्थावर मालमत्ता पक्षकारांच्या कृतीने किंवा कायद्यानेच दुसऱ्याच्या पैशासाठी तारण ठरली आणि तो व्यवहार गहाण नसला, तर त्या मालमत्तेवर ‘चार्ज’ निर्माण होतो. गहाणात मालमत्तेतला काही हितसंबंध सावकाराकडे जातो. बोज्यात तसे काहीच जात नाही. मालकी, ताबा, वापर सारे मालकाकडे राहते. फक्त त्या मालमत्तेतून आपले पैसे वसूल करून घेण्याचा हक्क दुसऱ्याला मिळतो.

रोजच्या व्यवहारातले उदाहरण घर किंवा जमीन विक्रीचे. खरेदीखत होऊन मालकी गेली, पण किमतीचा काही भाग बाकी राहिला, तर त्या बाकीसाठी विकलेल्या मालमत्तेवर विक्रेत्याचा बोजा कायद्यानेच राहतो. उलट, खरेदीदाराने आगाऊ रक्कम दिली आणि व्यवहार त्याच्या दोषाशिवाय फिसकटला, तर त्या रकमेसाठी त्याचा बोजा मालमत्तेवर असतो. यासाठी वेगळा करार लागत नाही. मात्र बोजा असलेला माणूस स्वतःहून मालमत्ता विकू शकत नाही. त्याला दिवाणी न्यायालयात दावा लावून विक्रीचा हुकूमनामा मिळवावा लागतो, आणि मुदत कायद्याप्रमाणे असा दावा पैसे देय झाल्यापासून बारा वर्षांत आणावा लागतो.

बोज्याची कच्ची बाजू म्हणजे अनभिज्ञ खरेदीदार. ज्याने मोल देऊन आणि बोज्याची माहिती नसताना मालमत्ता घेतली, त्याच्याविरुद्ध तो सहसा चालत नाही. दुसऱ्या कायद्यात स्पष्ट तरतूद असली तरच चालतो. अहमदाबाद महानगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये हा मुद्दा ठरवला. मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे मालमत्ता कर हा मिळकतीवरचा पहिला बोजा आहे. पण माहिती नसलेल्या खरेदीदाराकडूनही तो वसूल करता येईल असे त्या कायद्यात स्पष्ट म्हटलेले नव्हते. म्हणून आधीच्या मालकाच्या थकबाकीसाठी लिलावात मिळकत घेणाऱ्याला धरता आले नाही. हाच कायदा आज महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या नावाने राज्यात लागू आहे. अर्थात, सहज चौकशीने जे कळले असते ते न विचारणारा खरेदीदार अनभिज्ञ ठरत नाही.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हा ‘चार्ज’ पुस्तकातून नव्हे, सातबारातून भेटतो. सातबाराच्या ‘इतर हक्क’ या सदरात विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा लिहिलेला असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ प्रमाणे कर्ज घेणारा सभासद आपल्या जमिनीवर संस्थेचा बोजा निर्माण करणारे लेखी घोषणापत्र देतो. गावात त्याला इकरार म्हणतात. कर्ज फिटले की संस्थेच्या दाखल्यावरून फेरफार होतो आणि बोजा कमी केला जातो. कर्ज फेडूनही ही नोंद काढायची राहिली, तर जमिनीचा पुढचा प्रत्येक व्यवहार अडतो. या सगळ्या बोज्यांच्या वर सरकारचा बोजा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६९ प्रमाणे जमिनीवरील महसुलाची थकबाकी हा त्या जमिनीवरचा सर्वोच्च बोजा असतो.

कंपनीच्या मत्तेवरचा प्रभार

कंपनी कायद्यात हाच शब्द अधिक रुंद होतो. कंपनी अधिनियम, २०१३ च्या व्याख्येप्रमाणे कंपनीच्या मालमत्तेवर तारण म्हणून निर्माण केलेला हितसंबंध किंवा धारणाधिकार म्हणजे ‘चार्ज’, आणि त्यात गहाणही येते. १८८२ चा कायदा गहाण वगळून बोजा सांगतो, २०१३ चा कायदा गहाण धरून प्रभार सांगतो. म्हणून एका कायद्याची व्याख्या दुसऱ्याच्या वादात वापरली की निष्कर्ष उलटा निघतो.

कंपनीने प्रभार निर्माण केल्यापासून तीस दिवसांत त्याची नोंद कंपनी निबंधकाकडे करायची असते. उशीर झाल्यास जादा शुल्क भरून ठरावीक वाढीव मुदत मिळते. नोंद न झालेला प्रभार कंपनीच्या परिसमापनात विचारात घेतला जात नाही. कर्ज बुडत नाही, पण तारणाचे बळ जाते. नोंदवही लोकांना पाहता येते, त्यामुळे कंपनीशी व्यवहार करणाऱ्याला तिची किती मत्ता आधीच अडकली आहे ते कळते. कर्ज फिटल्यावर प्रभार फिटल्याची नोंदही करावी लागते.

प्रभार दोन प्रकारचे असतात. सूतगिरणीची इमारत आणि यंत्रे ठरलेली असतात. त्यांच्यावरचा प्रभार स्थिर. गोदामातला कापूस, तयार सूत आणि गिऱ्हाइकांकडची येणी रोज बदलतात. त्यांच्यावरचा प्रभार तरता. तरत्या प्रभारात गिरणी माल विकत राहते, नवा माल प्रभाराखाली येत राहतो. कंपनी बंद पडली किंवा कर्ज थकून तारणावर कारवाई सुरू झाली की तो त्या क्षणी असलेल्या मालावर गोठतो. ही कल्पना एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या न्यायालयांत आकाराला आली आणि तेथून भारतीय व्यवहारात उतरली. बँकेच्या कागदांवर दिसणारे ‘नजरगहाण’ हा याच कुटुंबातला प्रकार : वाहन किंवा माल कर्जदाराच्या ताब्यात राहतो, प्रभार मात्र बँकेचा.

सरकारी तिजोरीवरचा भार

संविधानात ओझे देशाच्या तिजोरीवर ठेवले आहे. अनुच्छेद ११२ प्रमाणे काही खर्च भारताच्या एकत्रित निधीवर ‘भारित’ असतो. राष्ट्रपतींचे वेतन आणि भत्ते, लोकसभेच्या अध्यक्षांचे आणि राज्यसभेच्या सभापतींचे वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन आणि निवृत्तिवेतन, नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे वेतन, सरकारी कर्जाचे व्याज आणि परतफेड, न्यायालयाच्या हुकूमनाम्याची पूर्तता असे खर्च त्यात येतात. राज्यांसाठी अशीच यादी अनुच्छेद २०२ मध्ये आहे. राज्यपाल आणि उच्च न्यायालयाचे न्यायाधीश यांचे वेतन तिच्यात येते.

भारित खर्चावर सभागृहात चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. न्यायाधीश किंवा लेखापरीक्षक यांचे वेतन रोखून त्यांच्यावर दबाव आणण्याची वाट यामुळे बंद होते, आणि सरकारला कर्ज देणाऱ्यालाही खात्री राहते. महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत ‘दत्तमत’ आणि ‘भारित’ असे दोन प्रकार छापलेले असतात ते याच फरकासाठी.

कर, शुल्क आणि आकार

करकायद्यात ‘चार्ज’ म्हणजे कराचे ओझे लादणारे मूळ कलम. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम ४ चे शीर्षकच ‘आयकराची आकारणी’ अशा अर्थाचे होते. संविधानाच्या अनुच्छेद २६५ प्रमाणे कायद्याच्या अधिकाराशिवाय कर लादता किंवा वसूल करता येत नाही, म्हणून असे कलम शब्दशः वाचले जाते. कर कोणावर, कशावर आणि किती हे त्यातून स्पष्ट निघाले नाही, तर अंदाजाने कर लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये बी. सी. श्रीनिवास सेट्टी प्रकरणात पुढचे पाऊल टाकले : ज्या मत्तेचा नफा मोजण्याची पद्धतच कायद्यात बसत नाही, तिच्यावर कर लादण्याचा कायद्याचा हेतू नव्हता असे समजावे.

सेवेच्या मोबदल्यात घेतलेले पैसेही ‘चार्ज’च. येथे मराठीने सुंदर भेद केला आहे. महावितरणच्या बिलात ‘स्थिर आकार’, ‘वीज आकार’, ‘वहन आकार’ हे विजेच्या पुरवठ्याचे पैसे असतात, आणि सरकारकडे जाणाऱ्या रकमेला ‘वीज शुल्क’ म्हटलेले असते. सरकारने घेतलेली रक्कम कर की फी, हा वादही जुना आहे. रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या १९५४ च्या खटल्यात सार्वजनिक न्यासांकडून घेतली जाणारी वर्गणी फी ठरली, कारण ती न्यासांवरील देखरेखीच्या खर्चासाठी होती.

खासगी व्यवहारात कसोटी संमतीची. हॉटेलच्या बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. गृहनिर्माण संस्थांत सदनिका भाड्याने दिल्यावर लागणारे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने सेवा आकाराच्या दहा टक्क्यांवर बांधले गेले.

ताबा आणि जबाबदारी

‘इन-चार्ज’ या अर्थासाठी मराठीत प्रभार आणि कार्यभार हे शब्द आहेत. हा अर्थ कायद्यात कारकुनी राहत नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घेण्याचे कर्तव्य पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे अपघातानंतर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे कर्तव्य चालकावर किंवा वाहन ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर पडते. कंपनीचा चेक परत गेल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १४१ प्रमाणे दोष कंपनीबरोबर त्यांच्याकडे जातो, जे त्या वेळी धंद्याच्या कारभाराचे प्रभारी आणि त्यासाठी कंपनीला जबाबदार होते. केवळ संचालक असणे पुरेसे नाही, तक्रारीत ही गोष्ट स्पष्ट मांडली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये एस.एम.एस. फार्मास्युटिकल्स प्रकरणात सांगितले.

लाठीचार्जमधला ‘चार्ज’ मात्र लष्करी चढाईतून आला आहे. बेकायदा जमाव पांगवण्यासाठी बळ वापरण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे, पण तिच्यात हा शब्द नाही. मराठीतला ‘लाठीमार’ जे घडते ते सरळ सांगतो.

ओझे उतरणे

प्रत्येक ‘चार्ज’ला त्याचा ‘डिस्चार्ज’ असतो, आणि तोही ओझ्याच्या जातीप्रमाणे बदलतो. खटला चालवण्याजोगे कारण नसेल तर न्यायालय दोषारोप न ठेवताच आरोपीला सोडते, ही आरोपमुक्ती. दोषारोप ठेवून, पुरावा घेऊन मग सोडले तर ती निर्दोष मुक्तता. दुसऱ्या प्रकारात त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही. पहिल्यात खटला उभाच राहिलेला नसतो, त्यामुळे नवा पुरावा आल्यास कारवाईची वाट उघडी राहते. करार पूर्ण केला की त्याचे बंधन सुटते. धनकोने मुख्य ऋणकोला कर्जातून मोकळे केले की जामीनदारही मोकळा होतो. जमिनीचा बोजा फेरफाराने उतरतो, कंपनीचा प्रभार निबंधकाकडच्या नोंदीने, अधिकाऱ्याचा कार्यभार दुसऱ्याने तो स्वीकारल्याच्या सहीने, आणि कराचा भार भरणा केल्याने.

म्हणून ‘चार्ज’साठी एकच मराठी प्रतिशब्द शोधणे व्यर्थ आहे, आणि तशी गरजही नाही. माणसावर दोषाचा भार असेल तेथे दोषारोप, जमिनीवर कर्जाचा असेल तेथे बोजा, कंपनीच्या मत्तेवर असेल तेथे प्रभार, निधीवर असेल तेथे भारित, सेवेच्या पैशाचा असेल तेथे आकार आणि पदाचा असेल तेथे कार्यभार. इंग्रजीत जे संदर्भावरून ओळखावे लागते, ते या शब्दांत आधीच सांगितलेले असते.